पेपर पाठवण्याआधी सॉफ्टवेअरने तपासणी: काय आधी, काय नंतर, आणि कुठे थांबायचं

आपल्याकडे पेपर पाठवायची वेळ आली की विभागात एकच प्रश्न विचारला जातो: ‘प्लॅगरिझम किती आलं?’ आठ टक्के आलं की सगळे निर्धास्त. त्या आकड्यातून फक्त तुमचा मजकूर आधीच्या मजकुराशी किती जुळतो एवढंच कळतं. तक्त्यातली सरासरी मुळात शक्य आहे का, पी-मूल्य (खरा फरक नसतानाही असा निकाल निघण्याची शक्यता) बरोबर निघालंय का, ज्या पेपरवर सगळी चर्चा उभी केली तो मागे तर घेतला गेलेला नाही ना, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्या अहवालात नसतं.

२०२४ मध्ये ‘केमोस्फिअर’ या जर्नलात काळ्या प्लॅस्टिकच्या उलथन्यांसारख्या वस्तूंतल्या ज्वालारोधक रसायनांवर एक पेपर आला. एका रसायनाची सुरक्षित मर्यादा शरीराच्या किलोमागे रोज ७,००० नॅनोग्रॅम. साठ किलोच्या माणसासाठी गुणाकार ४,२०,००० यायला हवा होता. छापला गेला ४२,०००. रोज शरीरात जाऊ शकणारी अंदाजे मात्रा ३४,७०० दिली होती. ती त्यामुळे मर्यादेला टेकल्यासारखी दिसली. प्रत्यक्षात ती मर्यादेच्या दहाव्या भागाहूनही कमी होती. बातम्या जगभर पसरल्यावर डिसेंबरात दुरुस्ती आली. मूळ निष्कर्ष बदलत नाही, असं लेखकांनी सांगितलं. या पेपरचं साम्य शून्य टक्के आलं असतं तरी ही चूक तशीच राहिली असती.

म्हणून पुढचे टप्पे क्रमाने करा. आकडा बदलला की तक्ता बदलतो, आलेख बदलतो, सारांशातलं वाक्य बदलतं. भाषा आधी घासूनपुसून घेतली आणि मग तक्त्यात चूक सापडली, तर ते घासणं वाया गेलं. क्रम असा: आकडे, पूरक फाइली, चित्रं, पद्धती, संदर्भ, भाषा आणि सगळ्यात शेवटी साम्य. नेमकी हीच यादी बहुतेक जण उलटीकडून सुरू करतात.

## टप्पा १: तयारी

१.१ मसुदा गोठवा. सहलेखकांचे सगळे बदल स्वीकारून किंवा नाकारून झाले की ‘ट्रॅक चेंजेस’ बंद करा, शेरे काढा, फाइलच्या नावात तारीख घाला. या प्रतीला तपासणी संपेपर्यंत कोणीही हात लावायचा नाही. तीन सहलेखक तीन प्रतींवर काम करत असताना केलेली तपासणी कोणत्याच प्रतीला लागू होत नाही.

१.२ वर्ड आणि पीडीएफ दोन्ही ठेवा. काही साधनं एकच प्रकार नीट वाचतात. पीडीएफमधला निकालांचा एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. उणे चिन्ह टिकलं का? ‘पेक्षा लहान’ची खूण गळली का? ग्रीक अक्षरं चौकोन झाली का? नोटपॅडमध्ये जे दिसतं तेच सॉफ्टवेअरला दिसतं. इथे चिन्हं गळत असतील तर वर्डची फाइल द्या.

१.३ आकड्यांची वही करा. एका साध्या तक्त्यात सारांश, निकाल, तक्ते, आलेखांखालच्या ओळी आणि चर्चा यांत येणारा प्रत्येक आकडा लिहा. कुठे आला, कोणत्या मूळ फाइलीतून आला, कोणत्या विश्लेषणातून आला. कंटाळवाणं काम आहे आणि एखादी दुपार जाते. माझ्या मते तरी पूर्ण तपासणीतलं सर्वांत उपयोगी काम हेच. नमुनासंख्या सारांशात ११८ आणि तक्त्यात ११६ असल्याचं यातच उघडं पडतं.

१.४ नोंदपत्रक उघडा. साधनाचं नाव, आवृत्ती, तारीख, त्याने काय दाखवलं, तुम्ही काय ठरवलं, का ठरवलं. शेवटचे दोन रकाने रिकामे सोडू नका.

थांबा: ‘मोफत तपासणी’ म्हणणाऱ्या अनोळखी संकेतस्थळावर अप्रकाशित मसुदा चढवू नका. फाइल ते ठेवून घेतात की पुसतात, हे लिहिलेलं नसेल तर ठेवून घेतात असंच धरा. रुग्णाचं नाव, नोंदणी क्रमांक, एक्स-रेच्या कोपऱ्यातली अक्षरं हे सगळं आधी काढा. रिव्ह्यूसाठी तुमच्याकडे आलेला दुसऱ्याचा मसुदा तर कुठल्याही बाहेरच्या साधनात टाकायचाच नाही. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने २०२३ मध्ये अनुदान-प्रस्तावांच्या परीक्षकांना जनरेटिव्ह एआय वापरायला मनाई केली, ती गोपनीयतेच्या याच कारणाने.

## टप्पा २: आकडे

इथे घाई करू नका. चार तपासण्या आहेत, त्याही ठरलेल्या क्रमाने.

२.१ बेरजा आणि टक्केवारी. वहीतून प्रत्येक तक्त्याच्या उभ्या-आडव्या बेरजा स्प्रेडशीटमध्ये पुन्हा करा. टक्केवारी मूळ संख्येवरून काढा. ३० रुग्णांपैकी ४२ टक्के असं लिहिलं असेल तर ते शक्यच नाही: बारा रुग्ण म्हणजे ४० टक्के, तेरा म्हणजे ४३.३. एकतर छेद वेगळा आहे किंवा आकडा चुकलाय. एककांचे गुणाकारही इथेच पाहा. उलथन्यांच्या पेपरातली चूक या पायरीवर पाच मिनिटांत सापडली असती.

२.२ ग्रिम चाचणी. निक ब्राउन आणि जेम्स हीदर्स यांनी मांडलेली ही चाचणी शाळेच्या गणितावर चालते. उत्तरं पूर्णांकांत असतील (१ ते ५ गुण, मुलांची संख्या, दिवस), तर त्यांची बेरीजही पूर्णांकच असणार. म्हणून सरासरी काही ठरावीकच किमती घेऊ शकते.

समजा २५ परिचारिकांनी १ ते ५ मध्ये गुण दिले आणि तुम्ही सरासरी ३.४६ लिहिलीत. ३.४६ गुणिले २५ म्हणजे ८६.५. बेरीज ८६ असेल तर सरासरी ३.४४, ८७ असेल तर ३.४८; मध्ये काहीच बसत नाही. मग ३.४६ आलं कुठून? २४ ने भागून पाहा: ८३ भागिले २४ म्हणजे ३.४६. एका परिचारिकेने तो प्रश्न सोडलेला होता आणि तक्त्याच्या डोक्यावर मात्र २५ च राहिले. लबाडी कुठेच नाही, पण रिव्ह्यूअरला ही चूक दिसायच्या आत तुम्हाला दिसलेली बरी.

तपासा: वजन, तापमान अशा दशांशात मोजलेल्या राशींना ही चाचणी लावू नका. दोन दशांश स्थळं असतील तर नमुना शंभराच्या आत असेल तेव्हाच ती काही सांगते. अनेक प्रश्नांची सरासरी घेतली असेल तर नमुनासंख्येला प्रश्नांच्या संख्येने गुणून मगच वापरा. हे विसरून ‘आकडा अशक्य’ असा शिक्का मारणारेही पाहिलेत.

२.३ स्टॅटचेक. मिशेल नायटेन आणि साशा एप्सकाम्प यांनी बनवलेलं हे मोफत साधन मजकुरातले सांख्यिकी निकाल वाचतं आणि चाचणीची किंमत व स्वातंत्र्यांश (डिग्रीज ऑफ फ्रीडम) यांवरून पी-मूल्य पुन्हा काढतं. मानसशास्त्राच्या आठ जर्नलांतले १९८५ ते २०१३ चे पेपर त्यातून तपासले, तेव्हा साधारण निम्म्या पेपरांत किमान एक विसंगत पी-मूल्य निघालं. आठातल्या एका पेपरात तर विसंगती इतकी मोठी होती की लक्षणीय-अलक्षणीय हा निकालच बदलू शकत होता.

ते असं चालतं: तुम्ही लिहिलंत ‘टी(२८) = २.२०, पी = .०६३’. साधन गणित करून म्हणतं, पी .०३६ यायला हवं. अंक उलटसुलट टंकले गेलेत, आणि ‘फरक लक्षणीय नाही’ असं चर्चेत लिहिलेलं वाक्य आता खोटं ठरलं. स्टॅटचेक वापरायचं नसेल तर एक्सेलमधली ‘टी.डिस्ट.२टी’, ‘एफ.डिस्ट.आरटी’ आणि ‘सीएचआयएसक्यू.डिस्ट.आरटी’ ही सूत्रंही तेच काम करतात, फक्त एकेक आकडा हाताने घालावा लागतो.

या साधनाच्या बाबतीत होणाऱ्या चुका जवळपास ठरलेल्या आहेत.

‘एकही त्रुटी नाही’ हे उत्तर बघून लोक खूश होतात, आणि प्रत्यक्षात साधनाने एकही निकाल वाचलेला नसतो. त्याला अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या पद्धतीने, सलग मजकुरात लिहिलेले निकालच कळतात. तक्त्यातले निकाल ते सहसा पाहतच नाही. म्हणून किती त्रुटी आल्या याआधी किती निकाल वाचले गेले ते बघा आणि वहीतल्या संख्येशी जुळवा.

एकतर्फी चाचणी केली असेल आणि तसं मजकुरात लिहिलं नसेल तर ती त्रुटी म्हणून येते. चूक आकड्याची नसते, पद्धतीच्या वर्णनाची असते. अनेक तुलनांसाठी बोनफेरोनी दुरुस्ती करून पी-मूल्यच बदललं असेल तर तेही विसंगत दिसतं. अशा वेळी आकडा ‘जुळवून’ घेऊ नका. दुरुस्ती कशी केली ते एका वाक्यात लिहा.

आणि ‘पी = .०००’. एसपीएसएस या सांख्यिकी सॉफ्टवेअरच्या पडद्यावरून उचललेलं हे मूल्य कित्येक प्रबंधांत तसंच असतं. पी कधीच शून्य नसतो. ‘पी < .००१’ लिहा.

२.४ प्रमाण विचलन की प्रमाण त्रुटी? दोहोंची गल्लत इतकी सर्रास होते की तिला वेगळी पायरी द्यावीच लागते. प्रमाण त्रुटी म्हणजे प्रमाण विचलन भागिले नमुनासंख्येचं वर्गमूळ. ६४ जणांचं विचलन ८ असेल तर त्रुटी १. तक्त्यात ‘विचलन’ असं लिहून १ छापलं असेल, तर पुढे कोणी अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करणाऱ्या मेटा-अ‍ॅनालिसिससाठी ते उचलेल आणि तुमच्या अभ्यासाला अवाजवी वजन मिळेल. १ ते ५ च्या मापनपट्टीवर विचलन साधारण २ च्या वर जाऊच शकत नाही. तिथे २.६ दिसलं तर मूळ फाइलीत ५५ किंवा ९९ असा चुकीचा टंक शोधा; गहाळ उत्तरासाठी घातलेला ९९ हा जुना गुन्हेगार आहे.

थांबा: या टप्प्यात काही बदललं असेल तर विश्लेषण मूळ माहितीवर पुन्हा चालवा. तक्त्यातला एक आकडा हाताने सुधारून पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: एक्सेलच्या पूरक फाइली

जीवशास्त्राचा पेपर नसेल तर हा टप्पा दोन मिनिटांचा. असेल तर महत्त्वाचा. एक्सेल काही जनुकांची नावं परस्पर तारखा करून टाकतं: ‘सेप्ट-२’चं २ सप्टेंबर, ‘मार्च-१’चं १ मार्च. २०१६ मध्ये झालेल्या एका पाहणीत, जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या पेपरांपैकी साधारण पाचव्या हिश्श्यात अशा चुका निघाल्या. २०२१ च्या पाहणीत हे प्रमाण ३० टक्क्यांवर गेलं. मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने अखेर २०२० मध्ये ही नावंच बदलली. एक्सेल सुधारण्यापेक्षा ते सोपं पडलं असावं.

काय करायचं: जनुकांच्या रकान्यात तारखा शोधा. स्तंभ आधी ‘टेक्स्ट’ करून मग माहिती आयात करा. शक्य असेल तर पूरक यादी साध्या टॅब-विभाजित फाइलीत द्या आणि ती एक्सेलमध्ये उघडून ‘सेव्ह’ करू नका. नेमकी तिथेच तारीख पुन्हा घुसते.

## टप्पा ४: चित्रं

एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी १९९५ ते २०१४ या काळातले २०,६२१ पेपर डोळ्यांनी तपासले. ३.८ टक्क्यांत अयोग्यरीत्या दुबार वापरलेल्या प्रतिमा सापडल्या. त्यातल्या किमान निम्म्या प्रकरणांत हेतुपुरस्सर फेरफाराची शंका यावी अशी लक्षणं होती. उरलेली प्रकरणं बहुधा गोंधळातून आलेली. ‘फायनल-२’, ‘फायनल-नवीन’, ‘फायनल-नवीन-खरं’ अशा फाइली ज्या प्रयोगशाळेत असतात, तिथे एकच ब्लॉट (प्रथिनांच्या पट्ट्यांचं चित्र) दोन आकृत्यांत जायला कोणाची लबाडी लागत नाही.

४.१ प्रत्येक पॅनेलसाठी (आकृतीतल्या एकेका चित्रासाठी) मूळ फाइल शोधून तिचं नाव वहीत लिहा. मूळ फाइल सापडत नसेल तर ते पॅनेल आत्ताच काढा किंवा प्रयोग पुन्हा करा. जर्नलने मागितल्यावर शोधाशोध सुरू केली तर उशीर झालेला असतो.

४.२ संस्थेकडे इमेजट्विन किंवा प्रूफिग ही दुबार चित्रं शोधणारी साधनं असतील तर सगळ्या आकृत्या एकत्र चढवा. एकेक आकृती स्वतंत्र चढवली तर आकृती २ आणि आकृती ६ मधलं साम्य निसटू शकतं. सशुल्क साधन नसेल तर इमेज-जे मोफत आहे: चमक आणि कॉन्ट्रास्ट दोन्ही टोकांना नेऊन पाहा, रंगतक्ता बदलून पाहा. जोडकामाच्या सरळ रेषा, पुसलेल्या जागा उठून दिसतात.

४.३ तपासणी टिफसारख्या मूळ प्रतीवर करा. जेपेगच्या दाबकामातून चौकटी उमटतात आणि त्या फेरफारासारख्या दिसतात. वर्डमध्ये चिकटवलेलं चित्र तर तपासून उपयोगच नाही.

साधनाने खूण केली म्हणजे दोष सिद्ध झाला असं नाही. एकच नियंत्रण-नमुना दोन आकृत्यांत मुद्दाम दाखवला असेल तर तो वैध आहे, फक्त आकृतीखाली तसं लिहायला हवं. उलट बाजूही आहे: दुसऱ्याच प्रयोगातलं, याआधी कुठेही न छापलेलं चित्र चुकून लागलं असेल तर कोणतंही सॉफ्टवेअर ते पकडणार नाही. ते फक्त ४.१ मध्ये सापडतं.

आलेखांसाठी दोन छोट्या गोष्टी. त्रुटी-दांडे कशाचे आहेत आणि नमुना किती, हे प्रत्येक आकृतीखाली लिहा. आणि इंद्रधनुष्यी रंगपट्टी टाळा. रंगांधळेपणा असलेल्यांना ती वाचता येत नाही आणि इतरांनाही नसलेल्या सीमारेषा दाखवते.

## टप्पा ५: पद्धती आणि नोंदणी

अभ्यासाचा प्रकार ठरवून त्याची यादी घ्या: यादृच्छिक चाचणीला कन्सॉर्ट, पद्धतशीर आढाव्याला प्रिझ्मा, निरीक्षणात्मक अभ्यासाला स्ट्रोब, प्राण्यांवरच्या प्रयोगांना अराइव्ह. सायस्कोरसारखी साधनं पद्धतींचा विभाग वाचून यादृच्छिकीकरण (गटवाटणी नशिबावर सोडणं), अंधत्व (कोण कोणत्या गटात हे लपवून ठेवणं), नमुनासंख्येचं गणित, नैतिक समितीची मंजुरी यांचा उल्लेख आहे का ते सांगतात.

सगळ्यात मोठी फसगत इथे होते. ही साधनं उल्लेख शोधतात, गुणवत्ता मोजत नाहीत. ‘यादृच्छिकीकरण केले नाही’ या वाक्यातही तो शब्द आहेच. गुण वाढावेत म्हणून ‘मूल्यमापन अंधत्वाने केले’ असं वाक्य, तसं केलेलं नसताना, घातलं तर गुण नक्की वाढतील आणि ते वाक्य कायमचं खोटं छापलं जाईल. साधनाने विचारलेली गोष्ट केलीच नव्हती असं आढळलं, तर ती मर्यादांच्या परिच्छेदात लिहा.

भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांसाठी सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीतला क्रमांक तपासा. १ एप्रिल २०१८ पासून तिथे फक्त आगाऊ नोंदणी स्वीकारली जाते, म्हणजे पहिला सहभागी घेण्याआधीच केलेली. नोंदणीत लिहिलेला प्राथमिक निष्पत्ती-मापक (ज्या मुख्य परिणामावर चाचणीचा निकाल ठरतो तो) आणि पेपरातला एकच आहे का, हे उघडून शेजारी ठेवून वाचा. यासाठी सॉफ्टवेअरची वाट पाहू नका.

पेशींवर काम असेल तर प्रत्येक पेशीवंशाचं नाव सेलोसॉरस या पेशीवंशांच्या ऑनलाइन कोशात घालून बघा. ‘हेप-२’ ही स्वरयंत्राच्या कर्करोगाची आणि ‘केबी’ ही तोंडाच्या कर्करोगाची पेशी म्हणून अजूनही वापरली जाते. दोन्ही प्रत्यक्षात हेला पेशींनी दूषित आहेत, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून आलेल्या. प्रतिपिंडांचे आरआरआयडी (संशोधन-साहित्याचे ओळख) क्रमांक याच वेळी भरा.

## टप्पा ६: संदर्भ

६.१ मागे घेतलेले पेपर. झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये संदर्भ ठेवले असतील तर मागे घेतलेल्या पेपरवर ते आपोआप लाल पट्टी दाखवतं. त्यासाठी नोंदीत डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) किंवा पबमेड क्रमांक हवा. हाताने टंकलेल्या नोंदींकडून या इशाऱ्याची अपेक्षा ठेवू नका. रिट्रॅक्शन वॉचची मागे घेतलेल्या पेपरांची यादी सप्टेंबर २०२३ पासून डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेकडे आहे आणि सर्वांना खुली आहे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा ‘लॅन्सेट’मधला पेपर ४ जून २०२० रोजी, छापून आल्यावर दोनच आठवड्यांत मागे घेतला गेला, तरी त्यानंतरही तो निर्दोष असल्यासारखा उद्धृत होत राहिला. मागे घेतलेला पेपर उद्धृत करायला बंदी नाही, पण तो मागे घेतलेला आहे हे तिथेच लिहा.

६.२ अस्तित्वात नसलेले पेपर. एआयकडून संदर्भ घेतले असतील, किंवा सहलेखकाने कुठून घेतले ते माहीत नसेल, तर प्रत्येक डीओआय दाबून उघडा. तो उघडला एवढ्यावर समाधान मानू नका. उघडलेल्या पानावरचं शीर्षक आणि तुमच्या यादीतलं शीर्षक एकच आहे का ते पाहा. बनावट संदर्भांत लेखक खरे, जर्नल खरं, फक्त पेपर कधी लिहिलाच गेलेला नाही, असं बऱ्याचदा असतं.

६.३ संदर्भ खरंच तसं म्हणतो का? हे यंत्राला पूर्ण जमत नाही. ज्या चार-पाच संदर्भांवर तुमचा युक्तिवाद उभा आहे, ते स्वतः उघडून ती ओळ शोधा.

## टप्पा ७: भाषा, आणि एआयची दुसरी नजर

व्याकरण तपासणी खुशाल वापरा. शब्द बदलून देणारी ‘रीफ्रेझ’ साधनं मात्र साम्य कमी करण्यासाठी वापरू नका. फ्रेंच संशोधक गियोम काबानाक आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये अशा मोडक्या संज्ञांची यादी मांडली: ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’, ‘ब्रेस्ट कॅन्सर’चं ‘बूझम पेरिल’. त्यांची छाननी यंत्रणा छापून आलेल्या पेपरांत त्या शोधत असते. साम्य आठवरून पाचवर आणायच्या नादात पेपर त्या यादीत जाऊन बसू नये.

एआयकडून चुका शोधून घ्यायच्या असतील तर आधी संस्थेचे आणि जर्नलचे नियम वाचा, प्रशिक्षणासाठी माहिती वापरण्याची परवानगी बंद करा. मग:

- पूर्ण पेपर टाकून ‘कसा आहे?’ असं विचारू नका, कौतुक मिळेल. एक तक्ता आणि त्यावरचा परिच्छेद द्या आणि दोहोंतल्या विसंगती विचारा.
- प्रत्येक आक्षेपाबरोबर मूळ ओळ शब्दशः मागा. ती ओळ तुमच्या मसुद्यात सापडली नाही तर आक्षेप सोडून द्या.
- त्याने केलेला प्रत्येक हिशेब स्प्रेडशीटमध्ये पुन्हा करा.

‘हे एआयने लिहिलंय का’ असं सांगणाऱ्या साधनांवर विसंबू नका. ओपनएआयने स्वतःचंच असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. त्याच वर्षीच्या एका अभ्यासात, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून अधिक निबंधांवर अशा साधनांनी एआयचा शिक्का मारला. आपण सगळे त्याच गटातले. मार्गदर्शकांनी या आकड्यावर विद्यार्थ्याला धारेवर धरण्याआधी एवढं लक्षात घ्यावं.

## टप्पा ८: साम्य

आता, आणि आताच, साम्य-तपासणी. भारतातल्या बऱ्याच विद्यापीठांना इन्फ्लिबनेटच्या शोधशुद्धी योजनेतून सॉफ्टवेअर मिळतं. ग्रंथालयात विचारा.

८.१ साठवणुकीचा पर्याय. फाइल चढवण्याआधी ‘रिपॉझिटरीत साठवू नका’ हा पर्याय निवडलेला आहे का ते पाहा. मसुदा विद्यार्थ्यांच्या साठ्यात गेला तर पुढच्या तपासणीत तो स्वतःशीच जुळतो आणि ९० टक्क्यांच्या पुढे साम्य येतं. ग्रंथपालांकडून ती नोंद पुसून घेणं हा वेगळाच उद्योग होऊन बसतो.

८.२ वगळण्याच्या सेटिंग्ज. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार योग्य श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, आभार, प्रमाणित समीकरणं, तसंच सलग चौदा शब्दांपर्यंतचे सर्वसामान्य शब्दप्रयोग मोजायचे नसतात. हे न वगळता आलेला २६ टक्क्यांचा आकडा बघून घाबरू नका. सेटिंग काय होती ते मात्र अहवालासोबत लिहून ठेवा.

८.३ टक्का नव्हे, स्रोत वाचा. त्याच नियमांत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. पुढचे स्तर १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० च्या वर. यामुळे ‘दहाच्या आत’ हाच धर्म झालाय. पण एकाच पेपरातून चर्चेचा सबंध परिच्छेद उचलला आणि एकूण साम्य चारच टक्के आलं, तरी ती चोरीच. उलट पद्धतींच्या वर्णनात, वीस वेगवेगळ्या स्रोतांशी तुकड्यातुकड्याने जुळून १८ टक्के आले तर त्यात फारसं काही नसतं. अहवालातले पहिले पाच स्रोत उघडा आणि सलग जुळलेली सर्वांत लांब वाक्यं वाचा. तुमचाच प्रीप्रिंट (जर्नलाआधी ऑनलाइन ठेवलेली प्रत) जुळत असेल तर तसं कव्हर लेटरमध्ये सांगा.

८.४ मराठी मजकूर असेल तर. मराठीतला निबंध किंवा प्रबंध श्री-लिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये असेल तर सॉफ्टवेअरला देवनागरी दिसतच नाही. रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. मग साम्य एक-दोन टक्के येतं आणि प्रमाणपत्रही मिळतं! नोटपॅडची तीच चाचणी इथे करा. रोमन चिवडा आला तर आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा, जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा, आणि पीडीएफऐवजी वर्डची फाइल द्या. एवढं केल्यावरही मराठीतला बराच मजकूर या साधनांच्या साठ्यात नसतो. कमी टक्का ही शाबासकी समजू नका.

## टप्पा ९: निर्णय आणि नोंद

नोंदपत्रकातल्या प्रत्येक खुणेपुढे तीनपैकी एक शब्द हवा: दुरुस्त, स्पष्टीकरण जोडले, किंवा खोटा इशारा. ‘बघू’ हा शब्द चालणार नाही. खोट्या इशाऱ्याचं कारण एका ओळीत लिहा. सहा महिन्यांनी संपादकाने तोच प्रश्न विचारला तर हीच ओळ कामी येते. साधनांचे अहवाल, गोठवलेला मसुदा आणि मूळ माहिती एकाच फोल्डरमध्ये ठेवा. तो फोल्डर फक्त पीएचडीच्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर नको.

जर्नलचा नियम असेल तर एआय कुठे वापरलं ते नमूद करा. त्याला सहलेखक मात्र करता येत नाही. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची समिती आयसीएमजेई आणि प्रकाशन-नीतीची समिती कोप या दोघींचीही भूमिका तीच आहे.

## टप्पा १०: रिव्हिजन आणि प्रूफ

रिव्ह्यूअरने चार रुग्ण वगळायला सांगितले, तुम्ही वगळले, तक्ता १ बदलला. सारांशात जुनी संख्या राहिली. रिव्हिजनमधली ही नेहमीची चूक. वहीत बदललेल्या प्रत्येक आकड्याला रंग द्या आणि तो जिथे जिथे येतो तिथे तिथे सुधारा. नव्या निकालांवर टप्पा २ आणि नव्या संदर्भांवर टप्पा ६ पुन्हा करा. बाकीचे टप्पे पुन्हा करायची गरज नाही.

प्रूफ आलं की ते पुन्हा त्याच वहीशी जुळवा. जुळणी करताना उणे चिन्हं गळतात, तक्त्यातले रकाने सरकतात. वर्डमधल्या ‘सिम्बॉल’ फाँटमध्ये काढलेला मायक्रोचा म्यू फाँट बदलताच ‘एम’ होतो, मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम होतात आणि डोस हजारपट वाढतो. म्हणून प्रूफमध्ये ‘एमजी’ हा शब्द शोधायला लावा आणि तो जिथे सापडेल तिथे वहीतलं एकक बघा.